आरपीजीतल्या साथीदाराचं प्रेम खरं कधी वाटतं?

खाजनकाठ
मंडळी, एक विषय सविस्तर मांडतो, कारण इथे गेम खेळणारे आहेत आणि जत्रेची नाटकं लिहिणारे, बसवणारेही आहेत. आम्ही तिघं मित्र मिळून एक छोटा आरपीजी (एक पात्र होऊन खेळायचा, कथेवर चालणारा व्हिडिओ गेम) करतोय, गोदो या गेम बनवायच्या इंजिनमध्ये, संवाद सगळे इंक या संवाद लिहायच्या भाषेत. जागा आपलीच, दिवाडी-चोडणसारखं एक बेट, खाजन शेती, बांद, मानस, आणि काळ वीज यायच्या आधीचा. नायकाबरोबर फिरणारी एक साथीदार आहे, शेवंती, तिच्या घराकडे मानशीची राखण आहे. गोव्याबाहेरच्यांसाठी सांगतो, खाजन म्हणजे खाडीकाठची शेती, खारं पाणी अडवायला तिला बांध घालतात तो बांद, आणि मानस म्हणजे बांदातलं लाकडी दार, भरती आली की बाहेरच्या पाण्याच्या दाबाने आपोआप मिटतं आणि ओहोटीला आतल्या पाण्याच्या रेट्याने उघडतं, तेव्हा तोंडाशी जाळं लावून मासे धरतात. दार नीट मिटलं नाही तर खारं पाणी शेतात शिरतं आणि भात गेलं. म्हणजे राखणाऱ्याचा दिवस भरती-ओहोटीवर चालतो, घड्याळावर नाही.

तर शेवंतीशी नायकाचं प्रेम जमू शकेल असं आम्ही ठरवलंय. आणि मी आजवर खेळलेले बहुतेक रोमान्स मला एकाच जागी खोटे वाटलेत, त्या पात्राला स्वतःचं काम नसतं. कॅम्पमध्ये ठरलेल्या जागी उभं असतं, तुम्ही गेलात की बोलतं, तुम्ही निघालात की परत उभं. खरा माणूस प्रेमात पडतो तेव्हा आधीच कशात तरी गुंतलेला असतो, घर असतं, देणं असतं, कोणाशी तरी बिनसलेलं असतं, आणि त्यातनं वेळ काढून तो तुमच्याकडे येतो, आणि तो काढलेला वेळ बघूनच समोरच्याला कळतं की आपल्यासाठी काहीतरी होतंय. म्हणून मला शेवंती ओहोटीला निघून जायला हवीय, तुम्ही कुठल्याही क्वेस्टच्या, म्हणजे गेममधल्या कामगिरीच्या, मध्यावर असा, ती म्हणणार पाणी उतरतंय मी जाते, आणि जाणार. टीममधल्या दोघांचं म्हणणं की प्लेअर वैतागेल. तुमचं काय मत? आणि तुम्हाला कुठल्या गेममधलं प्रेम खरोखर पटलं, नेमकं कुठल्या क्षणी, ते सांगा.

म्हापशे_शुक्रवार
मस्त विषय. माझ्यासाठी बाल्डर्स गेट ३ मधली कारलाख. तिच्या छातीत हृदयाच्या जागी नरकातलं इंजिन बसवलंय, ते इतकं तापतं की तिला कोणाला हात लावता येत नाही. म्हणजे ती मनमोकळी, बोलकी, सगळ्यांना मिठी मारावीशी वाटणारी मुलगी, आणि लेखकांनी नेमकी तीच गोष्ट तिच्यापासून काढून घेतलीय. मग तुम्ही त्या दुरुस्तीसाठी लागणारं इन्फर्नल आयर्न, नरकातलं लोखंड, शोधत फिरता, डॅमन लोहाराकडे एकदा दुरुस्ती होते तरी स्पर्श जमत नाही, दुसऱ्या अंकात दुसरी दुरुस्ती होते तेव्हा कुठे जमतो. तोवर किती तास गेलेले असतात! आणि त्यानंतरचा आनंद आधी तिच्या एकटीचा असतो, तुमचा नंतर. मला तिथे पटलं. तिला तुमच्या आधीपासून काहीतरी हवं होतं, तुम्ही नसतात तरी हवंच असतं.

डिचोली_डाइस
खाजनकाठ, तुझं म्हणणं कळलं पण मी थोडा विरोधात बोलतो. दिवसभर काम करून रात्री माणूस गेम लावतो तेव्हा त्याला कोणीतरी वाट बघणारं हवं असतं, त्यात काही कमीपणा नाही. स्टारड्यू व्हॅली २०१६ पासून लोक का खेळतात? गावात प्रत्येकाचं ठरलेलं वेळापत्रक, कोण कुठल्या वारी कुठे असतं ते लोकांना पाठ असतं, एकाला आठवड्याला दोनच भेटवस्तू देता येतात, हळूहळू हार्ट वाढतात आणि एक दिवस दारात उभं राहून ते माणूस तुमच्याशी काहीतरी खाजगी बोलतं. साधंच आहे, पण उबदार आहे. प्रत्येक गोष्ट खऱ्या आयुष्यासारखी अवघड केली तर मग गेम कशाला लावायचा.

खाजनकाठ
पण तूच बघ ना, तू वेळापत्रकाचं उदाहरण दिलंस. त्या गावातली माणसं तुझ्यासाठी थांबत नाहीत, तू त्यांच्या वारी त्यांच्या जागी जातोस. मला हेच हवंय. उबदारपणाला माझा विरोध नाहीच. वाट बघणारी शेवंती मलाही लिहायचीय, फक्त तिने मानशीवरनं वाट बघावी, हातात जाळं घेऊन.

डिचोली_डाइस
हां, असं असेल तर जमेल. मग अजून एक देतो. मास इफेक्टमधला गॅरस. २००७ च्या पहिल्या गेममध्ये त्याच्याशी रोमान्स नव्हताच, तो नुसता मित्र, बरोबर लढणारा. २०१० च्या दुसऱ्या भागात तो परत भेटतो, अर्धा चेहरा भाजून घेतो, आणि मग गेमचा नायक शेपर्ड तुम्ही बाई म्हणून खेळत असाल तर त्याच्याशी जमतं. एक अख्खा गेम दोस्ती झाल्यावर! आणि तो जहाजावर तोफांचं कॅलिब्रेशन करत बसलेला असतो, गेलं की सांगतो मध्येच आहे काम, नंतर बोलू. ते वाक्य खरं म्हणजे त्याचे संवाद संपले की येतं, पण लोकांनी ते डोक्यावर घेतलं, आजही घेतात. मला वाटतं कारण तेच, तू म्हणतोस ते, त्या माणसाला काम आहे.

वास्को_नाईटशिफ्ट
तांत्रिक बाजू मी मांडतो, कारण खोटेपणाचं मूळ पुष्कळदा कोडमध्ये असतं. प्रेम म्हणजे आत एक आकडा. ड्रॅगन एज ओरिजिन्समध्ये (२००९) अप्रूव्हल उणे शंभर ते अधिक शंभर, चांगलं बोललात की वर, न पटणारं केलंत की खाली, आणि वर भेटवस्तू. एखाद्याला दिवसभर दुखावा आणि रात्री कॅम्पमध्ये पाच वस्तू हातात ठेवा, आकडा परत जागेवर. पानपट्टीवर पैसे टाकले की विडा मिळतो तसा व्यवहार झाला हा. पण त्याच गेममध्ये ॲलिस्टरच्या आईचं लॉकेट आहे, त्याने लहानपणी रागाने फोडलेलं, रेडक्लिफच्या गढीत सापडतं, कोणीतरी तुकडे जोडून जपून ठेवलेलं. ते दिलं की आकडा वाढतोच पण तो ज्या पद्धतीने बोलतो ना, की म्हणजे त्यांनी हे ठेवलं होतं, आणि तुला लक्षात राहिलं मी बोललेलं, तिथे वस्तू वस्तू राहत नाही. म्हणजे यंत्रणा तीच, लिखाण वेगळं.

दुसऱ्या भागाने (२०११) अजून धाडस केलं, मैत्री आणि रायव्हलरी (चुरस, विरोध) अशी दोन टोकं ठेवली, आणि प्रेम दोन्हीकडनं होऊ शकतं. सतत वाद घालणाऱ्याशीही जमतं. खऱ्या आयुष्यात अशी जोडपी आपल्या सगळ्यांच्या ओळखीत आहेत. फायनल फॅंटसी ७ ने तर १९९७ लाच आकडा पूर्ण लपवला होता, गोल्ड सॉसरला कोण दारावर येऊन तुम्हाला फिरायला नेणार ते तुमच्या आधीच्या बारीकसारीक उत्तरांवर, आणि तुम्हाला कळत नाही कधी ठरलं.

माझा सल्ला, शेवंतीचा आकडा दाखवूच नका. बारीक निळं हृदय नको, "शेवंतीला हे आवडलं" नको.

म्हापशे_शुक्रवार
+१. बाल्डर्स गेट ३ चं उदाहरण यासाठीही चांगलं आहे. २०२३ च्या ऑगस्टमध्ये गेम आला तेव्हा सगळेच साथीदार दोन दिवसांत प्रेमाने गळ्यात पडायचे, त्यातला गेल तर विशेष. नंतर गेम बनवणाऱ्या लॅरियनच्या स्वेन विंकनेच मुलाखतीत सांगितलं की तो बग होता, अप्रूव्हलच्या पायऱ्या फार खाली ठेवल्या गेल्या होत्या. विचार करा, संवाद तेच, आवाज तोच, लिहिणारे तेच, फक्त एक आकडा खाली असल्यामुळे तेच प्रेम लोकांना उतावीळ वाटलं. वेळ हासुद्धा लिखाणाचाच भाग आहे.

सांगेची_रानवाट
मी एका बाईच्या नजरेने लिहिते. मला प्रेम खरं वाटतं ते त्या पात्राला नाही म्हणता येतं तेव्हा. सायबरपंकमध्ये (२०२०) मी नायक व्ही बाई म्हणून खेळत होते आणि त्यातली पॅनॅम मला फार आवडली होती, वाळवंटातली, तापट, स्वतःच्या टोळीसाठी जीव टाकणारी. मी पुढे झाले, तिने नाही म्हटलं. तिला पुरुष आवडतात, इतकंच. क्षणभर वाईट वाटलं आणि मग तिच्याबद्दल आदर वाढला, कारण तिला तिची आवड होती, माझ्यासाठी बदलणारी नव्हती. आणि ती मैत्रीण म्हणून शेवटपर्यंत तितकीच जवळची राहिली, नाही म्हटल्यावर गेमने तिला कोपऱ्यात टाकलं नाही. ड्रॅगन एज इन्क्विझिशनमधली (२०१४) कसँड्राही तशीच, तुमचं पात्र, म्हणजे इन्क्विझिटर, बाई असून फ्लर्ट करत राहिली की ती स्वतः येऊन विषय काढते आणि नीट, मान ठेवून नाही सांगते. किती जणांना खऱ्या आयुष्यात असं नाही म्हणता येतं!

दुसरं म्हणजे हो म्हटल्यानंतर काय. हे कोणी लिहीतच नाही. स्कायरिममध्ये (२०११) माराचं लॉकेट घालायचं, समोरच्याने विचारलं की लग्न, मग ती व्यक्ती घरात बसून दुकान चालवते, रोजचे शंभर सोन्याचे तुमच्या हातात आणि दिवसाला एक जेवण. माणूस संपलं तिथे. ज्या लढवय्यीने तुमच्याबरोबर गुहा पालथ्या घातल्या ती आता रोज तेच एक वाक्य बोलते. खाजनकाठ, शेवंतीला असं करू नको हं. जमलं तरी तिने ओहोटीला गेलंच पाहिजे.

खाजनकाठ
ताई, हे मी वहीत लिहून घेतलं, खरंच. जमल्यानंतरचे प्रसंग आमच्या यादीत फार कमी आहेत, ते वाढवतो. आणि तिचं नाही म्हणणं कशावरनं असावं? आमच्या गेममध्ये एकच नायक आहे, आवडीचा तसा प्रश्न येत नाही.

सांगेची_रानवाट
तिच्या कामावरनं. समजा मानशीच्या मासळीचा लिलाव जवळ आलाय, घरच्यांना बोली लावायचीय, तिच्या डोक्यात पैशाचं गणित चाललंय, आणि नायक नेमका तेव्हा मनातलं सांगायला जातो. ती म्हणेल आत्ता नको. प्रेम नाही म्हणून नव्हे, आत्ता नको म्हणून. आणि नायक ते ऐकतो का, की परत परत विचारत राहतो, यावर पुढचं ठरवा. परत परत विचारणाऱ्याला शेवटी तिने कायमचं नाही सांगावं.

तालीम_मास्तर
नमस्कार. मी गेम खेळत नाही, मुलगा खेळतो, त्याने हा धागा दाखवला. मी फोंडा तालुक्यात गावच्या जत्रेची नाटकं बसवतो, म्हणून प्रेमाच्या प्रवेशाबद्दल दोन शब्द लिहायचं धाडस करतो.

गावातल्या पोरांना प्रेमाचा प्रवेश दिला की सगळ्यात आधी हात छातीवर जातो आणि आवाज बारीक होतो. समोर गाव बसलेलं, पोरीची आजी पहिल्या रांगेत, दोघं अवघडलेली. मग मी काय करतो, त्यांच्या हातात काम देतो. एका नाटकात ती पहाटेच्या गाडीने गाव सोडून चाललीय आणि तो सामान बांधायला आलाय असा प्रवेश होता. संहितेत दोन पानं भाषण होतं, विरह, चंद्र, सगळं. मी ते बाजूला ठेवलं आणि मुलाला म्हटलं तू नुसतं गाठोडं बांध. त्याने बांधलं, गाठ सैल. मुलीला म्हटलं तुला ती गाठ आवडलेली नाही, तू सोड आणि तुझ्या पद्धतीने बांध, त्याच्याकडे न बघता. तिने तिच्या घरी बांधतात तशी गाठ मारली, दोरीचं टोक दोनदा आतनं घेऊन, वर अंगठ्याने दाबून. तो बघत राहिला. झाला प्रवेश. आणि मग तिसऱ्या अंकात, ती परत आलेली असते, गर्दीत असते, तिला तो दुसऱ्या कोणाचं तरी गाठोडं बांधताना दिसतो आणि तो टोक दोनदा आतनं घेतो, अंगठ्याने दाबतो. एक अक्षर बोलायचं नाही. पहिल्या रांगेतल्या बायकांनी ते बरोबर टिपलं, कुजबुज सुरू झाली. पुरुषांना बहुतेक कळलं नाही.

तुमच्या खेळात हे करता येतं का मला माहीत नाही, पण तुमच्या शेवंतीच्या हातातही दोरी आणि जाळं आहेच.

वास्को_नाईटशिफ्ट
मास्तर, करता येतं, आणि नाटकापेक्षा सोपं आहे. पहिल्या मानशीच्या प्रसंगात ती नायकाला जाळ्याची गाठ शिकवते, तिथे एक व्हेरिएबल, म्हणजे कोडमध्ये त्याची नोंद. पुढे कुठल्याही क्वेस्टमध्ये नायकाला काही बांधायचं आलं, होडी, बैल, जखमी माणसाची पट्टी, की ॲनिमेशन तिच्या गाठीचं. आणि ती त्या वेळी जवळ असेल तर बघते. पॉपअप नाही, काही नाही. प्लेअरच्या लक्षात आलं तर आलं.

म्हापशे_शुक्रवार
अंगावर काटा आला हे वाचून.

खाजनकाठ
मास्तर, तुमचे फार आभार, तुम्ही लिहिलंत हेच मोठं. धीर करून एक नमुना टाकतो. हा प्रवेश टीममधल्या मित्राने लिहिलाय, त्याच्या परवानगीने टाकतोय. रात्र, ओहोटी, बांदावर कंदील.

शेवंती: तू आलास की बरं वाटतं. तुझ्याशिवाय हा बांद सुना सुना वाटतो.
१. मलाही तुझ्याशिवाय करमत नाही.
२. मी फक्त तुझ्यासाठी आलोय.
३. चल, निघूया.

मला हे टोचतंय, पण नेमकं काय बदलायचं ते तुमच्याकडनं ऐकायचंय.

तालीम_मास्तर
पहिलं म्हणजे ती बांदावर उभी आहे, पाणी उतरतंय, तिच्या घरचं जेवण त्या पाण्यात आहे आणि ती नायकाबद्दल बोलतेय. तिला पाण्याबद्दल बोलू दे. दुसरं म्हणजे तीनही उत्तरं नायकाची स्वतःबद्दलची आहेत, एकातही कंदील नाही, जाळं नाही. मी असं लिहिलं असतं:

शेवंती: उशीर केलास. पाणी उतरायला लागलं बघ.
१. दे ती दोरी इकडे.
२. तेल मिळेना, तीन दुकानं फिरलो.
३. काही न बोलता कंदील उचल.

तिसरं घेतलं तर:
शेवंती: वर धर. माझ्या डोळ्यांवर नको, जाळ्यावर.
आणि जाळं ओढून झाल्यावर, हात पदराला पुसत:
शेवंती: पेज ठेवलीय तुझ्या वाटणीची. निवली असेल आता.

निवलेली पेज म्हणजे ती आधीपासून ठेवलेली आहे, तो येईल असं धरून. प्रेक्षकाला तेवढं पुरतं. आणि दुसऱ्या उत्तराला तिने रागवावं, तीन दुकानं फिरेपर्यंत पाणी थांबत नाही असं म्हणावं, पण मग तेलाची बाटली हातातनं घेऊन नीट आडोशाला ठेवावी.

सांगेची_रानवाट
तुझ्या वाटणीची. किती सुंदर आहे हे. म्हणजे घरात वाटण्या होतात तेव्हा तिने याला मोजलंय.

डिचोली_डाइस
मास्तरांचं सगळं मान्य, पण एक प्रश्न राहतो. गेममध्ये प्लेअरला कधीतरी स्पष्ट बोलायची संधी मिळाली पाहिजे, नाहीतर चाळीस तास कंदील धरून शेवटी काही झालंच नाही असं वाटेल. नाटकात नायक दुसरा असतो, गेममध्ये नायक मीच असतो, माझ्या मनात काय आहे ते मला बोलू द्या. विचर ३ मध्ये (२०१५) नायक गेराल्ट आणि जादूगार येनेफर यांचा तो स्केलिगे बेटांवरचा क्वेस्ट घ्या. गेराल्टने कित्येक वर्षांपूर्वी जिन्नाकडे मागितलेल्या इच्छेमुळे ते दोघं बांधले गेलेत. तिला शंका आहे, हे प्रेम आपलं की जादूचं. म्हणून ती दुसरा जिन्न पकडून ती जादू तोडते. आणि मग दोघं बसतात आणि ती विचारते, आता काय वाटतं. तिथे स्पष्ट बोलावंच लागतं, हो किंवा नाही. माझ्या मते आजवरचा सगळ्यात प्रामाणिक प्रेमाचा प्रसंग आहे तो, कारण ती उत्तर ऐकायला घाबरलेली असूनही स्वतः जादू तोडते.

म्हापशे_शुक्रवार
आणि त्याच्या अगदी विरुद्ध टोक, प्लेनस्केप टॉरमेंट (१९९९). डेइओनारा भूत होऊन भेटते, अजूनही प्रेम करते, आणि खेळता खेळता कळतं की नायकाच्या आधीच्या एका जन्माने तिच्यावर प्रेमाचं नाटक केलं, ती उपयोगाची होती म्हणून, आणि तिला मरायला नेलं. सेन्सरी स्टोन म्हणजे आठवणी साठवलेला दगड, त्यात तिची आठवण अनुभवताना तिचं मन कळतं आणि मग समोरच्या त्या माणसाचं थंडगार मनही कळतं. म्हणजे रोमान्स आहे पण तुमच्या हातात फक्त त्याचा हिशोब उरलाय. ज्यांना वाटतं गेममधला रोमान्स म्हणजे कटसीन आणि चुंबन, त्यांनी एवढा भाग तरी खेळावा. बाल्डर्स गेट ३ च्या ॲस्टारियनमध्ये मला त्याचीच उलटी बाजू दिसते. तो सुरुवातीला तुम्हाला जाळ्यात ओढतो ते तुम्ही त्याला वाचवावं म्हणून, आणि दुसऱ्या अंकात स्वतःच कबूल करतो. तिथे तुम्ही काही न मागता त्याला मिठी मारू शकता, बस.

खाजनकाठ
डिचोलीकर, तुझा मुद्दा पटला. स्पष्ट बोलायची जागा ठेवतो, पण एकच, आणि ती शेवंतीच्या हातात. म्हणजे ती विचारेल. लिलाव झाल्यावर, निकाल काहीही लागो. बोली हरली असेल तर मानस दुसऱ्याकडे गेलेली आहे, तिच्याकडे ओहोटीला उठायचं कारणच उरलेलं नाही, ती सगळ्या वेळी मोकळी आहे, आणि मग तिचं विचारणं वेगळं होईल. बोली जिंकली असेल तर ती विचारेल की वर्षभर रात्री-अपरात्री असाच येशील का.

आता एकच अडचण राहिली. लोक सेव्ह करून ठेवतात, नाही आलं की मागे जाऊन दुसरं उत्तर देतात. ताईंनी सांगितलेलं ते कायमचं नाही मग कायमचं राहतच नाही.

वास्को_नाईटशिफ्ट
त्याला उपाय आहे आणि विचरनेच वापरलाय. दुसरी जादूगार ट्रिस, तिला दीपगृहाजवळ प्रेम आहे असं सांगायचं आणि येनेफरला डोंगरावर तेच सांगायचं, दोन्ही वेळा काही होत नाही, प्लेअर खूश. कितीतरी तासांनी नोव्हिग्राडच्या खानावळीत दोघी मिळून गेराल्टला पलंगाला बांधून निघून जातात. तोवर जुनी सेव्ह इतकी मागे गेलेली असते की कोणी परतत नाही. तू पण परिणाम लांबव. परत परत विचारलं तर त्या क्षणी शेवंती काहीच करत नाही, फक्त एक काउंटर वाढतो. तीन-चार भरत्यांनंतर नायक मानशीवर जातो तेव्हा पेज ठेवलेली नसते. त्यानंतरही सुधारला तर परत ठेवेल, नाही सुधारला तर लिलावानंतर ती विचारणार नाही. कुठेही "नाही" असं लिहिलेलं बटण नाही, त्यामुळे कुठल्या सेव्हला परत जायचं तेच त्याला कळणार नाही.

आणि भरतीचं घड्याळ करताना एक लक्षात ठेव, रोजची वेळ जवळपास पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. तेवढं खरं ठेवलंस तर प्लेअर हळूहळू ती कधी निघणार ते स्वतः ओळखायला लागेल, कोणी न सांगता.

सांगेची_रानवाट
आणि एखादा प्लेअर ओळखून आधीच बांदावर जाऊन कंदील लावून बसला तर? त्यासाठी वेगळा प्रसंग लिही. फार कमी जणांना दिसेल पण ज्यांना दिसेल ते विसरणार नाहीत.

खाजनकाठ
ताई, तो आज रात्रीच लिहायला घेतो. मास्तर, तुम्हाला चालत असेल तर पहिल्या मसुद्याचे कागद फोंड्याला येऊन हातात देतो, स्क्रीनवर वाचणं जमणार नसेल तर.

तालीम_मास्तर
या की. संध्याकाळी सातनंतर देवळाच्या मागच्या मंडपात तालीम असते. शेवंतीचे संवाद दोन मुलींकडनं मोठ्याने वाचून घेऊ, कुठे अडखळतात ते ऐकून मग खोडा.